त्याच्यापेक्षा एक ड्रम जास्त

हळद शिजवायचं यंत्र पाहिलंय कधी? नसेल तर डोळे मिटा. ट्रॅक्टरमागे जोडायचा एक लोखंडी गाडा मनात आणा. त्यावर बॉयलर बसवा, त्याच्या पोटात भट्टी, डोक्यावर चिमणी. दोन्ही अंगांना भलेमोठे ड्रम टांगा. ड्रममध्ये शेतातून काढलेली ओली हळद, खालून नळीने वाफ. हळद शिजली की ड्रम कलता करायचा, पिवळाधमक ढीग वाफाळत जमिनीवर ओतायचा आणि तो सुगंध... डोळे मिटून वाचता येत नाही, हे आत्ता माझ्या लक्षात आलं. असो, उघडा.

हे यंत्र दुकानात जाऊन 'ते वरचं द्या' म्हणून आणता येत नाही. ड्रम किती, बॉयलर केवढा, चाकं दोन की चार, जळण लाकडाचं की तुराट्या-पऱ्हाट्यांचं, सगळं ठरवावं लागतं. आणि एक ठरवलं की दुसरं आपोआप ओढलं जातं. ड्रम वाढले तर बॉयलर मोठा, बॉयलर मोठा तर गाडा लांब, गाडा लांब तर चाकं चार, चाकं चार तर वळायला जागा जास्त. एक चूक झाली की ऐन हंगामात यंत्र पांदणीच्या, म्हणजे शेतांमधल्या अरुंद वाटेच्या, वळणावर अडकतं आणि मागे अख्खं गाव.

माझा धंदा या ओढाओढीचा. पुण्यात बसून मी नियम लिहितो: 'जर असं, तर तसं.' जाणकार माणसाला खोदून खोदून विचारायचं, त्याच्या डोक्यातले शेकडो 'जर-तर' बाहेर काढायचे आणि संगणकात भरायचे. मग गिऱ्हाईक प्रश्नांची उत्तरं देतं आणि संगणक सांगतो, तुमचं यंत्र असं. न जुळणारं मागितलं तर ठाम 'नाही' म्हणतो. आणि त्याचा मला सर्वांत आवडणारा गुण म्हणजे 'का नाही?' असं विचारलं की कारण देतो. माझ्या ओळखीतल्या किती माणसांबद्दल असं म्हणता येईल?

तर हा नाही म्हणणारा प्राणी बॅगेत घालून गेल्या जानेवारीत मी हिंगोली जिल्ह्यात गेलो.

कळमनुरी

सकाळी हिंगोली स्टेशनवर उतरलो तेव्हा थंडी अशी की चहाचा कप सोडवेना. स्टेशनबाहेरच्या गाड्यावर चुरमुऱ्यांची गरम सुशीला खाल्ली, हिरवी मिरची चावून डोळ्यांत पाणी आणलं आणि कळमनुरीची बस धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीची पानं वाळून पिवळी पडलेली. काढणी तोंडावर आली होती.

नांदेड रस्त्यावर प्रज्ञाताईंचं वर्कशॉप. ताई चाळिशीच्या, अभियांत्रिकी शिकलेल्या, हातात वेल्डिंगचा मुखवटा. आयुष्य ग्राइंडरच्या आवाजात गेल्यामुळे त्या कुजबुजल्या तरी रस्त्यापलीकडचा पानवाला मान वर करतो. महिनाभर फोनवर बोलून हे सगळे नियम मी त्यांच्याकडूनच घेतले होते.

"या सर! आणलं का तुमच्या मास्तरला?"

संगणकाच्या प्रोग्रॅमला त्यांच्या वर्कशॉपात 'मास्तर' हे नाव मी पोहोचायच्या आधीच पडलं होतं. कारण उघड होतं: प्रश्न विचारतो आणि नाही म्हणतो.

तासाभरात पहिलं गिऱ्हाईक आलं. मी सावरून बसलो, घसा खाकरला. रंगमंचावर पडदा वर जाताना जसं वाटतं तसं मला अशा वेळी वाटतं.

"किती एकर हळद आहे आपली?"

"माधवरावाएवढी."

"ड्रम किती हवेत?"

"माधवरावाला हायत तेवढे. न्हाई, एक जास्त टाका."

"जळण कोणतं वापरणार?"

"आता माधवराव काय वापरतो ते त्यालाच माहीत. पण तसंच करा."

दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याचं 'सोपानसारखं, पण जरा भारी'. तिसरं आलं, त्याला मेहुण्यासारखं हवं होतं आणि मेहुण्याला ते कळू द्यायचं नव्हतं. माझे प्रश्न पडद्यावर एकामागून एक रिकामे उभे, वऱ्हाड न आलेल्या मांडवासारखे.

प्रज्ञाताई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "सर, मास्तर लई हुशार हाय. पण गिऱ्हाईक त्याच्या शाळंत कवा गेलं होतं? आमच्याकडं असंच अस्तंय. कुणाचं तरी पाहून येत्यात आन् त्याच्यापेक्षा एक जास्त मागत्यात."

"हे तुम्ही फोनवर का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच न्हाई. तुमी यंत्राचं इचारलं, माणसांचं कुठं इचारलं?"

खरं सांगायचं तर आम्ही पुण्याचे लोकही याहून वेगळे नाही. शेजाऱ्यांचा सोफा पाहूनच आपला ठरतो. फक्त दुकानात आम्ही तसं बोलत नाही, 'आम्हाला साधंच हवंय' म्हणतो. हिंगोलीकर तोंडावर सांगतो, एवढाच फरक.

दुपारभर बसून मी मास्तरला नवा पहिला प्रश्न शिकवला: 'कोणासारखं?' नाव सांगितलं की त्या माणसाच्या यंत्राची ऑर्डर उघडायची आणि मग फरक विचारायचा: 'एक जास्त? कशात?' संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं पटापट उत्तरं देऊ लागली. मी इतका खूश झालो की दुकानातल्या सगळ्यांना भजी मागवली.

"भजी खावा," ताई म्हणाल्या, "पण खरी परीक्षा परवा हाय. बाजाराच्या दिवशी सिद्धेश्वरकडचे बापूराव आन् किसनराव येणार. चुलतभाऊ. दोन यंत्रं. ही दोन पक्की झाली तर माझ्या दहा कारागिरांना हंगामभर काम. पण एक जरी उठून गेला ना, तर दुसरा बी जाणार."

"दुसरा का जाईल?"

"ज्याच्यापेक्षा मोठं पाहिजे तोच गेल्यावर मोठं कशाला पाहिजे?" त्यांनी भजं मोडलं. "आन् ते गेले तर तुमचा मास्तर बी तुमच्यासंगं पुण्याला. मला हंगामात शोभेची वस्तू नको."

सिद्धेश्वर

दुसऱ्या दिवशी ताई मला त्यांच्या जीपमधून धरणाकडे घेऊन गेल्या. दोघा भावांची शेतं आणि मधली पांदण मोजायची होती. पूर्णेच्या पाण्यावर ऊन पसरलेलं, काठाला मासेमारांच्या होड्या, आणि धरणाच्या खाली जिकडे पाहावं तिकडे हळद. पांदण मात्र अरुंद, खड्ड्याखड्ड्यांची, मध्ये एक छोटा पूल. मी टेप धरून पुलावर आडवा झालो तेव्हा एका म्हशीने मला बराच वेळ समजून घेण्याचा प्रयत्न केला.

बापूराव थोरले, साठीच्या आसपास, भरघोस मिशा. त्यांच्या बांधावर हुरड्याची आगटी पेटली होती. कोवळी ज्वारीची कणसं निखाऱ्यात भाजून, हातावर चोळून, हिरवे मऊ दाणे थेट समोर येत होते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मी संकोच न करता खाल्लं. बापूराव मात्र आगटीपासून लांब बसले. धूर वळला की खोकल्याची उबळ यायची. "धूर बाधतो जरा," म्हणाले आणि डोळे पुसले. "मंग, किसनरावाकडं बी जाणार का तुमी?"

"हो, आता तिकडेच."

"जावा जावा. भूक ठेवून जाऊ नका."

किसनराव बांधापलीकडेच. सडपातळ, चपळ, डोळ्यांत सतत काहीतरी चाललेलं. त्यांच्याकडेही आगटी! मी पोटावर हात फिरवून नको म्हणालो.

"तिकडं काय काय होतं?" त्यांनी विचारलं.

"चटणी, गूळ..."

"दही होतं?"

"नाही."

"ए, दही आणा! आन् ते लोणचं बी!"

मी पुन्हा खाल्लं. माझ्या पोटाचं यंत्र एका ड्रमने वाढवण्यात आलं. खाताना किसनराव पुन्हा चौकशी करू लागले. "आगटी पेटवली व्हती तिकडं?"

"हो."

"तिथंच बसला व्हता का तो? धुरात?"

"नाही, जरा लांब."

"हं." त्यांनी निखारे काडीने उगाच हलवले. मला वाटलं, आगटी कोणाची मोठी याचा हिशेब चाललाय.

परतताना जीपमध्ये ताईंनी भांडणाचं मूळ सांगितलं. तीन वर्षांपूर्वी घरच्याच एका लग्नात फेटे बांधताना आधी किसनरावांना बोलावलं गेलं. थोरला राहिला मागे. फेटा बांधणाऱ्याची चूक, पण किसनरावांनी फेटा बांधून घेतला, आणि वर आरशात पाहिलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. शेजारी उभे असले तरी तिसऱ्यामार्फत निरोप देतात.

"आरशात पाहिलं हेच जास्त लागलं असणार," मी म्हणालो.

"व्हय ना!" ताई एवढ्या मोठ्याने हसल्या की बांधावरची बगळ्यांची रांग उडाली.

पुन्हा कळमनुरी, बाजारचा दिवस

बाजाराच्या दिवशी वर्कशॉपसमोरून अख्खा तालुका वाहत असतो. त्यातले रिकामे लोक आत आले आणि जाईनात. बापूराव उजव्या बाकड्यावर, किसनराव डाव्या. मध्ये टेबल, टेबलावर मास्तर.

"बापूराव काका, कोणासारखं?"

बापूरावांनी छताकडे पाहिलं. "किसनरावांना सांगा, त्यांच्यापेक्षा एक ड्रम जास्त."

मी ते भरलं. "किसनराव काका?"

"त्यायला सांगा, त्यांच्यापेक्षा एक जास्त."

मी तेही भरलं. भरताना काहीतरी खटकलं, पण बोट पुढे गेलं होतं.

पडद्यावर बापूरावांचे ड्रम एकाने वाढले. म्हणून किसनरावांचे वाढले. म्हणून बापूरावांचे. मास्तर आज्ञाधारक, थांबणं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बॉयलर फुगू लागला, गाडा लांबू लागला, चाकं चाराची सहा झाली. लोक टेबलाभोवती दाटले. "आता किसनराव पुढं! आता बापूराव!" एकाने शिट्टी मारली. आणि ते दोघे? दोघांचेही चेहरे लग्नातल्या नवरदेवासारखे खुललेले.

"थांबवा की सर!" ताई ओरडल्या.

"अजून जाऊ द्या!" दोघं भाऊ एकदम म्हणाले आणि एकदम म्हणाले म्हणून चिडले.

शेवटी पांदणीच्या नियमाला धडकून मास्तर थांबला. पडद्यावर अक्षरं आली: 'नाही. हे यंत्र पुलावरून जाणार नाही. वळणावर वळणार नाही. ते ओढू शकेल असा ट्रॅक्टर यादीत नाही.'

हशा असा पिकला की बाहेरची भाजीवाली आत डोकावली. बापूरावांची मिशी मात्र थरथरली. त्यांनी उपरणं झटकलं. "चला. इथं आमचं हसं करून राहिले." ते उठले. तिकडे किसनरावांनीही पायात चपला सारल्या. ताईंचा चेहरा उतरला. दहा कारागीर ग्राइंडर बंद करून बघत उभे.

मी घाईघाईने सगळं पुसलं. "एक मिनिट! एकेकाचं करू. दोघांना आत्ता तात्पुरते सहा-सहा ड्रम धरतो. किसनराव काका, तुम्ही बसा. कोणासारखं?"

"बापूरावासारखं उघडा. मग बघतो," ते चपलेतच पाय ठेवून म्हणाले.

मी उघडलं. नक्कल उघडायला हवी होती, गडबडीत बापूरावांची मूळ ऑर्डरच उघडली. वर मोठ्या अक्षरात त्यांचं नाव. किसनरावांनी चष्मा लावला, पडदा वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला, जो मी फक्त आंबा चोरणाऱ्या माकडाच्या तोंडावर पाहिला आहे.

"हे त्याचंच हाय का? मग ह्याला कशाला सहा ड्रम? पाच करा. चार करा. हे दोन दिवे कशाला? काढा. घंटी? काढा!"

"ए किसन्या!" बापूराव दारातून गरजले. "माझं यंत्र काहून कापून राहिला?"

"काय दादा?" किसनरावांच्या तोंडून निघून गेलं.

तीन वर्षांनी झालेलं हे पहिलं सरळ बोलणं, आणि दोघांनाही ते परत घेता येईना.

प्रज्ञाताईंना मी त्या क्षणी नाटक कंपनीची मालकीण करायला तयार होतो. त्यांनी टेबलावर हात आपटला. "थांबा! हे असंच राहू द्या, सर. बापूराव काका, किसनराव काका तुमचं यंत्र ठरवत्यात. मग तुमी त्यांचं ठरवा. मनासारखं कापा."

"मी जातो घरी," बापूराव म्हणाले.

"जावा. पण मग तुमचं यंत्र त्यांच्या हातात राहिलं बघा."

बापूराव परत येऊन बसले. बाकड्याच्या अगदी कडेला, पण बसले.

किसनरावांनी ड्रम तीनवर आणले. मास्तर म्हणाला: 'नाही. एवढ्या एकरांना तीन ड्रमांत हळद वेळेत शिजणार नाही.' चारला तो तयार झाला. म्हणजे खोडसाळपणाने कापत कापत किसनराव बरोबर त्या यंत्रावर येऊन थांबले, जे त्या शेताला आणि त्या पांदणीला खरोखर हवं होतं. मी आकडा भरून घेतला.

"झालं?" मी विचारलं.

"चिमणी उंच करा," किसनराव म्हणाले.

'नाही,' मास्तर म्हणाला.

"काहून न्हाई?"

'कारण गाडा लहान आहे. उंच चिमणीने खड्ड्यांत कलंडेल.'

"मग काय केलं तर व्हईल, ते सांगा की!" आता ते माझ्यावर चिडले होते. तोवर प्रत्येक गोष्ट काढायला सांगणारा माणूस एक गोष्ट घालायला हट्ट धरून बसला होता.

मी तसं विचारलं. मास्तरने तोड काढली: 'बिजागरीची चिमणी. रस्त्यावर आडवी, शेतात उभी. चाकांमधलं अंतर वाढवावं लागेल.'

ताईंनी मनातल्या मनात पूल मोजला. "बसतंय. एक वीत राहतंय."

"मग तीच द्या," किसनराव पडद्याकडे बघत म्हणाले. बाकड्याकडे त्यांनी मान वळवली नाही. "धूर डोक्यावरून गेला पाहिजे. त्यायला सांगा, बाकी काही मिळणार न्हाई."

आता मला किसनरावांनी आगटीपाशी बसून विचारलेले ते प्रश्न आठवले. मी नियम लिहून पोट भरतो, आणि समोरच्या 'हं'चा अर्थ लावायला मला अख्खा एक दिवस लागला.

बापूरावांना उबळ आली होती की काय कोण जाणे, ते बराच वेळ उपरण्यात खोकत राहिले. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. मी किसनरावांची ऑर्डर उघडली.

"बापूराव काका, किसनराव काकांचं यंत्र कोणासारखं?"

सगळ्यांनी कान टवकारले.

"माझ्यासारखं," ते म्हणाले.

"एक जास्त की कमी?"

"बराबर तेवढंच. चिमणी बी." मग मिशीच्या एका टोकाला पीळ दिला. "फक्त रंग गुलाबी द्या. लग्नातल्या फेट्यासारखा."

हसण्याने पत्रे हलले. किसनरावांनी तोंड वाकडं केलं, पण ते फार वेळ वाकडं राहिलं नाही. "चालतंय," ते म्हणाले. "लांबून वळखू येईल."

मास्तरची काही हरकत नव्हती. रंगाबद्दल त्याला एकही नियम ठाऊक नाही.

कनेरगाव नाका

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या गाडीने वाशीमकडे निघालो आणि कनेरगाव नाक्याला ढाब्यावर थांबलो. बाजेवर मांडी घातली, शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी सांगितली. ठेचा न सांगताच आला. मास्तर कळमनुरीतच नोकरीला लागला होता. ताईंनी त्याला वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून लांब, स्वतःच्या टेबलाशेजारी जागा दिली होती. भाकरीचा पहिला तुकडा मोडतोय तोच त्यांचा फोन आला. फोन कानापासून हातभर लांब धरूनही नीट ऐकू येत होतं.

"सर, घोळ झाला! सकाळी बापूराव काकांचा फोन आला. म्हणत्यात, किसनच्या यंत्राला एक शिट्टी जास्त लावा."

"स्वतःच्या नाही?"

"न्हाई, त्याच्याच! म्हणत्यात, त्याचा ड्रम उतरला की शिट्टी वाजू दे, मला बांधावर कळंल, मग भाकरी संगंच सोडू. मी शिट्टी टाकली. ते किसनराव काकांना कळलं. आता ते म्हणत्यात, दादाच्या यंत्राला दोन टाका. आन् बसायला सावलीचं छत. आता पुन्हा बापूराव काकांचा फोन येऊन राहिला. सर, हे कालसारखंच चाललंय, फक्त उलट्या बाजूनं! हे थांबवायचा नियम लिहून द्या ना!"

मी बॅगेकडे पाहिलं. लॅपटॉप हाताच्या अंतरावर होता. नियम सोपा होता, एका ओळीचा.

"पूल अजून पार होतोय का?" मी विचारलं.

"छतासकट होतोय."

"मग चालू द्या," मी म्हणालो. "माझी भाकरी गार होतेय."